बगॅसपासून इथेनॉल : झायलोज खाणारं यीस्ट घडवायचं तर काय काय करावं लागतं

मळीपासून इथेनॉल करायला जनुकं बदललेलं यीस्ट लागत नाही, हे आधी स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या वर्षानुवर्षं साध्या यीस्टवरच चालल्यात. उसाचा रस असो, मळी असो नाहीतर हल्ली मका असो, त्यातली (मक्याच्या बाबतीत स्टार्च फोडून केलेली) साखर यीस्ट मुकाट्याने खातं आणि इथेनॉल देतं. घोडं अडतं ते उसाच्या चोथ्यापाशी, म्हणजे बगॅसपाशी. बगॅस फोडल्यावर जी साखर निघते त्यातली जवळपास चाळीस टक्के झायलोज असते, म्हणजे पाच कार्बनची साखर, आणि साधं यीस्ट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ही चाळीस टक्के सोडून दिली तर धंदा बसत नाही आणि ती पकडायची तर यीस्टमध्ये बाहेरची जनुकं घालावी लागतात. एवढंच या सगळ्या खटाटोपाचं कारण.

हे लिहितोय ते एमएस्सी किंवा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला बायोफ्युएलचा प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी, आणि डिस्टिलरीत काम करणाऱ्या पण "हे जीएम यीस्ट म्हणजे नक्की काय प्रकरण आहे" असं वाटणाऱ्यांसाठी. कॉलेजची बऱ्यापैकी लॅब आणि गाईड हाताशी आहे असं धरून चाललोय. घरी पिंपात करायचा हा प्रकार नाही, आणि घरी दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, मग ती "फक्त इंधनासाठी" असली तरी.

इथेनॉलच का?

सूक्ष्मजीवांकडून इंधन करून घ्यायचे मार्ग पुष्कळ आहेत आणि पेपर वाचायला बसलं की प्रत्येकच भारी वाटतो. कॅलिफोर्नियात जेम्स लियाओ यांच्या गटाने २००८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूकडून आयसोब्युटेनॉल हा अल्कोहोल काढून दाखवलं. ते पेट्रोलच्या जास्त जवळचं, पाणी कमी ओढणारं, लिटरमागे इथेनॉलपेक्षा ऊर्जाही जास्त. पण ते जंतूलाच विषारी, दीड-दोन टक्क्यांच्या पुढे जंतू टिकत नाही, म्हणजे टाकीत ९८ टक्के पाणीच. अमायरिस या कंपनीने यीस्टकडून फार्नेसिन नावाचं तेलकट रसायन काढून ब्राझीलमध्ये डिझेल केलं, साओ पावलोच्या बस त्यावर चालल्या, पण तोच माल कॉस्मेटिकवाल्यांना विकला तर किलोमागे कितीतरी जास्त पैसे मिळतात हे लक्षात आल्यावर कंपनी तिकडे वळली आणि तरीही २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. शेवाळाचं तर विचारूच नका. एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी दाखवून शेवाळाचं इंधन जाहीर केलं होतं आणि २०२३ च्या सुरुवातीला हात झटकले.

इथेनॉलचं तसं नाही. यीस्ट ते दहा-बारा टक्क्यांपर्यंत आरामात सहन करतं, गाळायची यंत्रणा गावोगाव उभी आहे आणि घ्यायला तेल कंपन्या बसल्यात. देशात पेट्रोलमधलं मिश्रण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. पहिल्या प्रोजेक्टला इथेनॉलच घ्या, बाकीचं पीएचडीला ठेवा.

आधी हिशोब, मग जीन

बहुतेक पोरं उलटं करतात. आधी प्लास्मिड (जनुक पेशीत वाहून नेणारं डीएनएचं कडं) मागवतात आणि साखर किती, इथेनॉल किती हे शेवटच्या महिन्यात बघतात. हिशोब अर्ध्या तासाचा आहे, तो पहिल्या दिवशी करा.

ग्लुकोज असो की झायलोज, १०० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त ५१.१ ग्रॅम इथेनॉल मिळतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. याच्यापुढे कुठलंही यीस्ट जाऊ शकत नाही, कितीही जीन टाका. आता १०० ग्रॅम सुका बगॅस घ्या. त्यात साधारण ४० ग्रॅम सेल्युलोज (ग्लुकोजच्या साखळ्या) आणि २५ ग्रॅम झायलन (झायलोजच्या साखळ्या) धरू. फुटताना पाणी जोडलं जातं म्हणून सेल्युलोजला १.११ ने आणि झायलनला १.१३६ ने गुणायचं. आले ४४.४ ग्रॅम ग्लुकोज आणि २८.४ ग्रॅम झायलोज. इथेनॉल झालं अनुक्रमे २२.७ आणि १४.५ ग्रॅम, मिळून ३७ ग्रॅमच्या वर थोडं, म्हणजे ४७ मिली.

हे कागदावरचं. प्रत्यक्षात चोथा फोडताना सेल्युलोजचा पाऊण भाग हाती लागतो, झायलनचा ७० टक्के, मग ग्लुकोज आंबवताना ९० टक्के आणि झायलोज आंबवताना ७५ टक्के यील्ड आलं तर चांगलं म्हणायचं. हे आकडे मी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. याने गणित येतं ग्लुकोजकडून १५.३ ग्रॅम आणि झायलोजकडून ७.६ ग्रॅम. टनावर नेलं तर झायलोजसकट २९० लिटर, झायलोज सोडून दिला तर १९४. मधले ९६ लिटर ही तुमच्या यीस्टची कमाई. कुणी विचारलं की या प्रोजेक्टचा उपयोग काय, तर हा आकडा सांगायचा.

पडताळा म्हणून पानिपतचा प्रकल्प बघा. इंडियन ऑइलचा, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं, उद्घाटन १० ऑगस्ट २०२२. जाहीर केलेला आकडा वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यातून ३ कोटी लिटर. भागाकार करा, टनाला १५० लिटर येतात. पेंढ्यात ओलावा असतो, माती असते, सिलिका असते, हे धरलं तरी लॅबमधल्या २९० चा कारखान्यात काय होतं त्याचा अंदाज येतो. म्हणून प्रेझेंटेशनमध्ये "टनाला ४५० लिटर" लिहिताना जरा दमाने.

कच्चा माल कुठून आणायचा

लॅबसाठी बगॅसच घ्या, कारण गाळप हंगामात कुठल्याही कारखान्यावर मागितला तर पोतंभर सहज मिळतो आणि एकसारखा असतो. पण तो फुकटचा कचरा आहे असं रिपोर्टमध्ये लिहू नका, शेती अधिकारी हसेल. बगॅस बॉयलरला जातो, कोजनला (वीज करायला) जातो, कागदवाले विकत नेतात. पाचट शेतात जाळतात म्हणून ते घ्यावं, तर हेक्टरी आठ-दहा टन पाचट जागेवर कुजवलं तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब सुधारतो, म्हणजे त्यावरही मातीचा हक्क आहे. कडब्याला तर हातच लावू नका, तो जनावरांच्या तोंडचा घास. विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या काड्या, खरंच बरीचशी जळणातच जाते, पण ती लाकडासारखी, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा भाग) जास्त, फोडायला चिवट. माझं मत विचाराल तर लॅबमध्ये बगॅसवर पद्धत बसवा आणि शेवटी एक-दोन रन पऱ्हाटीवर घ्या, तो तुमच्या रिपोर्टचा सगळ्यात वाचनीय भाग होईल.

बगॅस आणल्यावर दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, गिरणीतून येतो तेव्हा तो अर्धा पाणी असतो, तेव्हा ओव्हनमध्ये १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत सुकवून ओलावा काढा आणि सगळे आकडे सुक्या वजनावर मांडा. ओव्हनमधला नमुना फक्त मोजायला, कामाचा माल उन्हात किंवा ५०-६० अंशाला वाळवा. दुसरी जास्त घातक : त्यात दीड-दोन टक्के ऊसाची साखर अजून चिकटलेली असते. ती साधं यीस्टसुद्धा खातं, आणि मग तुमच्या स्ट्रेनने (यीस्टच्या वाणाने) नव्हे तर या उरलेल्या साखरेने इथेनॉल दिलेलं असतं आणि तुम्ही पेढे वाटता. गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा, शेवटच्या धुवणीत साखर येते का बघा, मगच पुढे जा.

परवानगी

जनुकं बदललेल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचं तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात. कॉलेजची संस्थात्मक जैवसुरक्षा समिती असते, म्हणजे आयबीएससी. तिच्याकडे अर्ज आधी, काम नंतर. बेकर्स यीस्ट हा धोका नसलेल्या गटातला जीव आहे आणि त्यात साखर पचवायचं जनुक घालणं हे काही भयंकर काम नाही, त्यामुळे सहसा अडत नाही, पण समितीच नसेल तर कॉलेजला आधी ती नेमून नोंदवावी लागेल आणि त्यात महिने जातात. डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं गाईडकडून घेऊन एकदा वाचून काढा. वापरलेलं प्रत्येक कल्चर १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करूनच टाकायचं, बेसिनमध्ये नाही. मोठ्या प्रमाणावर किंवा लॅबच्या बाहेर न्यायचं ठरलं की आरसीजीएम आणि जीईएसी या वरच्या समित्यांचा विषय सुरू होतो.

यीस्टमध्ये नेमकं काय बदलायचं

आता खरा मजेचा भाग. यीस्टला झायलोज खाता येत नाही म्हणजे काय? तर यीस्टच्या आत झायल्युलोज नावाची साखर आली की ती पुढे पचवायची वाट आहे, पण झायलोजचं झायल्युलोज करणारं एंझाइम जवळपास नाहीच. हा पूल बांधायचे दोन रस्ते.

पहिला रस्ता शेफरसोमायसिस स्टिपिटिस या झायलोज खाणाऱ्या यीस्टकडून दोन जनुकं उचलायची, एक झायलोजचं झायलिटॉल करतं आणि दुसरं झायलिटॉलचं झायल्युलोज. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९० च्या दशकात याच वाटेने काम करून दाखवलं. वाट चालते, पण एक खोट आहे. पहिलं एंझाइम एनएडीपीएच जास्त पसंत करतं आणि दुसऱ्याला एनएडी लागतं (हे दोन्ही एंझाइमचे मदतनीस रेणू), दोघांची देवाणघेवाण जुळत नाही, हवा नसताना हिशोब तुंबतो आणि झायलिटॉल बाहेर साचत जातं. साखर संपलेली दिसते पण इथेनॉल होत नाही.

दुसरा रस्ता झायलोज आयसोमरेजचा. एकच एंझाइम, झायलोजचं थेट झायल्युलोज, एनएडी-एनएडीपीएचची भानगड नाही. जिवाणूंकडे हे एंझाइम भरपूर असतं, पण यीस्टमध्ये आणलं की ते वर्षानुवर्षं नीट चालतच नव्हतं. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये पायरोमायसिस नावाच्या बुरशीचं जनुक यीस्टमध्ये घातलं आणि ते चाललं. ही बुरशी सापडली होती हत्तीच्या लिदीत, तोही भारतीय हत्ती. हत्ती दिवसभर गवत-झाडपाला चघळतो, तो पचवायला त्याच्या पोटात अशी मंडळी बसलेली असतात, त्यामुळे चोथा पचवणारं जनुक तिथेच सापडावं यात तसं नवल नाही.

मी आयसोमरेजचा रस्ता घ्या म्हणेन. पण नुसतं ते जनुक घातलं की झालं असं नाही, सोबत हेही करावं लागतं :

- जीआरई३ हे यीस्टचं स्वतःचं जनुक काढून टाकायचं. ते झायलोजचं झायलिटॉल करतं आणि झायलिटॉल आयसोमरेजला अडवतं, म्हणजे दुहेरी नुकसान.
- एक्सकेएस१ जोरात चालवायचं, म्हणजे झायल्युलोजला फॉस्फेट लावून पुढे ढकलणारं एंझाइम वाढेल. मात्र फार जोरात केलं तर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, संपून पेशी मरतात.
- पेंटोज फॉस्फेट वाटेवरची चार जनुकं, टीएएल१, टीकेएल१, आरपीई१ आणि आरकेआय१, यांना चांगले प्रमोटर (जनुक चालू करणारी बटणं) लावायचे. नाहीतर पुढे रस्ता अरुंद आणि मागे ट्रॅफिक.

साखर आत येण्याचा दरवाजा हा वेगळा विषय. यीस्टकडे झायलोजसाठी वेगळा ट्रान्सपोर्टर नाही, ती ग्लुकोजच्याच दारातून आत येते आणि ग्लुकोज असेपर्यंत तिला आत घेतलं जात नाही. फ्रँकफर्टच्या एका गटाने गॅल२ या ट्रान्सपोर्टरमधलं ३७६ क्रमांकाचं अमिनो ॲसिड बदलून ग्लुकोजची अडवणूक काढून टाकली. पहिल्या प्रोजेक्टमध्ये यात पडू नका, आधी ग्लुकोज मग झायलोज असं चालू द्या, वेळ थोडा जास्त लागेल इतकंच.

प्रत्यक्ष बांधणी

यीस्ट कुठून? पुण्यात एनसीएलमध्येच एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, चंडीगडला एमटीसीसी आहे. सीईएन.पीके सारखी लॅब स्ट्रेन जनुकं बदलायला सोपी, डिस्टिलरीची स्ट्रेन अवघड पण दणकट. दोन्हीवर एकदम काम सुरू करू नका. जनुक मागवताना ते यीस्टच्या कोडॉनप्रमाणे (जनुक लिहायच्या त्याच्या पसंतीच्या लिपीप्रमाणे) सुधारून सिंथेसाइझ करून घ्या, देशातल्या कंपन्याही करतात.

प्लास्मिडवर जनुक ठेवून सुरुवात केली तरी चालेल, लिथियम ॲसिटेटची पद्धत कुठल्याही लॅबला येते. पण प्लास्मिड टिकवायला अँटिबायोटिक लागतं आणि लाख लिटरच्या टाकीत कोणी जी-४१८ टाकत नाही, तेव्हा दुसऱ्या टप्प्यात क्रिस्परने (डीएनए हव्या त्या जागी कापायच्या तंत्राने) जनुक क्रोमोझोममध्ये बसवाच. एकच प्रत पुरत नाही. या एंझाइमचा वेग मुळातच कमी आहे, म्हणून अनेक प्रती बसवाव्या लागतात, डेल्टा सिक्वेन्ससारख्या जिनोममध्ये अनेक ठिकाणी येणाऱ्या जागा त्यासाठी सोयीच्या. प्रत्येक टप्प्याला पीसीआर (डीएनएचा ठराविक तुकडा शोधायची चाचणी) करून जनुक खरंच बसलंय का बघायचं आणि मूळ स्ट्रेन कंट्रोल म्हणून शेवटपर्यंत सांभाळायची. कंट्रोल फ्लास्क वाचवून ज्यांनी मीडियाचे पैसे वाचवले त्यांचा डेटा व्हायव्हाला उभा राहत नाही.

मग यीस्टला सवय लावा

सगळी जनुकं बसल्यावर झायलोजच्या प्लेटवर टाकलं की ते ढिम्म वाढणार नाही, किंवा इतकं हळू की प्लेट वाळून जाईल. घाबरायचं कारण नाही, सगळ्यांचं असंच होतं. इथे उत्क्रांतीला कामाला लावायचं. दोन टक्के झायलोजचा मीडिया, त्यात कल्चर टाका, गढूळपणा वाढला की थोडं उचलून नव्या फ्लास्कमध्ये, परत तेच, आठवडेच्या आठवडे. जे वेगाने वाढतं ते टिकतं. अशा स्ट्रेन नंतर सिक्वेन्स केल्यावर बऱ्याचदा असं दिसतं की यीस्टने आयसोमरेजच्या प्रती स्वतःहून वाढवून घेतल्यात. ब्राझीलच्या एका गटाला तर आयएसयू१ या लोह-गंधकाशी संबंधित जनुकात बदल सापडला, जो कोणी ठरवून केलाच नसता.

या काळात आळस करू नका. ठराविक ट्रान्सफरनंतर ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० ला ठेवा, कारण लाइट गेली, शेकर बंद पडला आणि महिन्यांचं काम गेलं हे आपल्याकडे घडू शकतं. दर काही दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघा. पेशी गोल-अंडाकृती, कोंब फुटलेल्या दिसायला पाहिजेत. बारीक काड्या दिसल्या तर ते बहुधा लॅक्टोबॅसिलस जिवाणू आहेत, त्यांतल्या काहींना झायलोज आवडतो, आणि तुमचा वाढलेला वेग त्यांचा आहे, यीस्टचा नाही. शेवटी एकेक कॉलनी वेगळी काढून तपासा, आणि नवी स्ट्रेन ग्लुकोजवर मंदावली नाही ना तेही बघा.

मोजायचं कसं

डीएनएस टेस्टवर (रंगावरून साखर मोजायच्या चाचणीवर) विसंबू नका. ती ग्लुकोज आणि झायलोज दोन्हींना एकच रंग देते, कुठली साखर संपली कळत नाही. नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी लागतंच, एचपीएक्स-८७एच कॉलम, ५ मिलिमोलर सल्फ्युरिक ॲसिड, ६० अंश, आरआय डिटेक्टर. एकाच रनमध्ये ग्लुकोज, झायलोज, झायलिटॉल, ग्लिसरॉल, ॲसिटिक ॲसिड आणि इथेनॉल सगळं दिसतं. स्वतःच्या लॅबमध्ये नसेल तर नमुने गोठवून ठेवा आणि एखाद्या संस्थेत एकदम चालवून आणा.

रोजचं काम मात्र वजनकाट्यावर होतं, आणि हे मला सगळ्यात आवडतं. फ्लास्कला एअरलॉक लावा, १०० मिली मीडियात २ ग्रॅम झायलोज, दोन दशांशाचा काटा पुरतो. रोज वजन करा. हवा नसेल तर कार्बन डायऑक्साइड आणि इथेनॉल जोडीनेच बनतात, १ ग्रॅम वजन घटलं की साधारण १.०५ ग्रॅम इथेनॉल झालं. २ ग्रॅम झायलोजला जास्तीत जास्त ०.९८ ग्रॅम घट. सोबत नुसत्या पाण्याचा फ्लास्क ठेवा म्हणजे बाष्पीभवन वजा करता येईल, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. हवा आत शिरली तर यीस्ट श्वसन करतं, वजन घटतं पण इथेनॉल नाही, तेव्हा बुच घट्ट. आणि हवेशिवाय यीस्टला एर्गोस्टेरॉल आणि ट्वीन-८० द्यावं लागतं, नाहीतर पेशीच्या भिंतीआतलं पटल बनत नाही आणि वाढ अर्ध्यावर थांबते.

शेवटी कार्बनचा ताळेबंद मांडा. आत गेलेला कार्बन आणि इथेनॉल, वायू, झायलिटॉल, ग्लिसरॉल, पेशी यांत बाहेर आलेला कार्बन ९५ ते १०५ टक्क्यांत जुळला पाहिजे. ७० टक्केच सापडत असेल तर काहीतरी गळतंय, आणि १२० टक्के आला तर ती धुतली न गेलेली ऊसाची साखर आठवा.

खऱ्या रसावर परीक्षा

शुद्ध झायलोजवर नाचणारं यीस्ट बगॅसच्या रसात टाकलं की बहुधा आडवं होतं. बगॅस फोडायला एक ते दोन टक्के सल्फ्युरिक ॲसिड, दहा टक्के घन, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला तासभर, ही कॉलेजला जमणारी पद्धत. कारखान्यात हेच वाफेच्या दाबाखाली दीडशे-एकशे नव्वद अंशाला काही मिनिटांत होतं. झायलन फुटून झायलोज येतं, पण सोबत ॲसिटिक ॲसिड, फरफ्युरल, एचएमएफ (ही दोन्ही साखर जास्त तापून होणारी रसायनं) आणि लिग्निनचे तुकडे येतात, आणि हे सगळे यीस्टचे वैरी. उरलेला चोथा मग सेल्युलेज एंझाइमने, ५० अंशाला, पीएच ५ च्या आसपास, तीन दिवस.

ॲसिटिक ॲसिडची गंमत समजून घ्या. त्याचा पीकेए (ज्या पीएचला अर्धं आम्ल विघटित होतं तो आकडा) ४.७६, म्हणजे पीएच ४.५ ला बरंचसं आम्ल विघटित न झालेल्या रूपात असतं, ते पेशीत सरळ घुसतं आणि आत गेल्यावर फुटून आतला पीएच पाडतं. पेशी ते प्रोटॉन बाहेर फेकत बसते आणि त्यात एटीपी जातं. झायलोजवर आधीच एटीपीची चणचण, त्यामुळे ग्लुकोज चालतो आणि झायलोज अडतो. पीएच ५.५ केला की त्रास बराच कमी. पण जास्त चढवला तर लॅक्टोबॅसिलसची दिवाळी. फरफ्युरल मात्र यीस्ट स्वतःच हळूहळू निरुपद्रवी करून टाकतं, म्हणून सुरुवातीला यीस्टचा डोस दाबून टाका, सुरुवातीचा थांबा कमी होतो. चुन्याने पीएच १० पर्यंत चढवून परत खाली आणायची जुनी पद्धतही आहे, चालते, पण जिप्समचा गाळ होतो आणि थोडी साखर जाते. जमलं तर उत्क्रांतीचे शेवटचे आठवडे शुद्ध झायलोजऐवजी पातळ केलेल्या बगॅसच्या रसात काढा आणि रस हळूहळू घट्ट करत न्या.

गाळणीचा खर्च यीस्टला माहीत नसतो

वॉशमध्ये, म्हणजे आंबवून तयार झालेल्या रसात, इथेनॉल वजनाने ४ टक्क्यांच्या खाली असेल तर गाळायला लागणारी वाफ झपाट्याने वाढते, हा चोथ्याच्या इथेनॉलमधला नेहमीचा उंबरठा. ४ टक्के म्हणजे किलोला ४० ग्रॅम, त्याला ८० ग्रॅमच्या वर साखर, त्याला टाकीत पंधरा-वीस टक्के सुका बगॅस. आता वीस टक्के बगॅस पाण्यात कालवून बघा, रवा भाजून पाणी घातल्यावर शिरा कसा दोन मिनिटांत घट्ट होतो तसं होतं, आणि शेकर नुसता त्या गोळ्याला हलवत बसतो. म्हणून माल एकदम न टाकता एंझाइमने पातळ होत जाईल तसा टप्प्याटप्प्याने टाकायचा. लॅबमध्ये पाच टक्के बगॅसवर छान आकडे येतात आणि तेच पेपरमध्ये छापतात, पण एवढ्या पातळ मालाच्या वॉशमधून निघणारं इथेनॉल कोणी गाळणार नाही.

अमेरिकेतले मोठे प्रकल्प याच गोष्टींवर अडकले, यीस्टवर कमी. ड्युपाँटचा आयोवातला प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंद, पोएट-डीएसएमचा २०१४ चा प्रकल्प २०१९ मध्ये थांबला. गठ्ठ्यांसोबत येणारी माती-दगड, तुंबणारे फीडर, गंजणारे पाइप, अशी कामं जीनने सुटत नाहीत.

गाळून मिळतं ते ९५-९६ टक्के, पुढचं पाणी साध्या उकळण्याने जात नाही, त्याला मॉलिक्युलर सिव्ह (फक्त पाणी शोषून घेणारी चाळणी) लागते, मगच ते पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं. हा टप्पा कॉलेजमध्ये करूच नका, उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याचा विषय आहे. एचपीएलसीचा आकडा पुरेसा.

आणि डिस्टिलरीवाल्यांनी एक लक्षात घ्या. यीस्ट परत परत वापरायची ब्राझीलची पद्धत इथे लावायची असेल तर तिथे बाहेरून शिरलेलं रानटी यीस्ट काही आठवड्यांत टाकलेल्या स्ट्रेनला हुसकून लावतं हा तिकडचाच अनुभव आहे. तुमची महागाची स्ट्रेन टाकीत अजून आहे का, हे दर आठवड्याला पीसीआरने बघायला माणूस ठेवावा लागेल. जास्तीचं यीस्ट गुरांच्या खाद्याला विकायची सवय असेल तर जीएम यीस्टला ती वाट परवानगीशिवाय बंद, आणि तो उत्पन्नातला खड्डा आधीच ९६ लिटरच्या कमाईतून वजा करून ठेवा.

रिपोर्टमध्ये शेवटी पाच आकडे द्या : सुक्या बगॅसमागे इथेनॉल, वॉशमधलं टक्के, तासाला लिटरमागे किती ग्रॅम, झायलिटॉल किती साचलं आणि ग्रॅममागे एंझाइम किती लागलं. पाचवा बहुतेक लोक गाळतात कारण तोच सगळ्यात महाग पडतो, आणि प्रकल्पाचा खर्च काढणारा माणूस पहिल्यांदा तोच विचारतो.